भावाचा क्रोन्स: इम्युनिटी कमी पडलीय की जास्त झालीय?

उद्यमबागचा_पोरगा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचायलालो, आज पहिल्यांदा लिहायलालोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. धाकटा भाऊ, वय २३, बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला आहे. दोन वर्षं झाली उजवीकडं खाली पोट दुखणं, जुलाब, संध्याकाळी बारीक ताप, वजन ६१ वरून ४७. पहिल्यांदा अपेंडिक्स म्हणाले, मग स्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीनं आतडं बघून, आतड्याचा टीबी असंल म्हणून एका दवाखान्यात सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली. कोर्स पूर्ण केला, एक गोळी चुकवली नाही, तरी दुसऱ्या स्कोपीत जखमा तशाच. आता मिरजेला दाखवलं तर ते म्हणाले हा क्रोन्स आहे, अडॅलिमुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू करूया, ह्याची इम्युनिटी स्वतःच्याच आतड्यावर उलटलीय, ती दाबायला पायजे.

आणि इथं घरात घोळ. मोठे मामा म्हणायलालेत इम्युनिटी कमी पडली म्हणून तर आजार आला, ती आणि दाबून कसं चालंल, वाढवायला पायजे. सकाळ संध्याकाळ गुळवेलीचा काढा सुरू केलाय, वर च्यवनप्राश. आई मामांचंच ऐकते. पोरगं बिचारं दोघांच्या मध्ये, दुपारचा डबा जसाच्या तसा परत आणतंय, भाकरीचा एक कोपरा तेवढा मोडलेला असतोय. त्यात इंजेक्शनच्या आधी परत टीबीची टेस्ट लिहून दिल्यात. आत्ताच तर सहा महिने टीबीची औषधं खाल्ली की ओ! मामांना काय सांगू? कमी आहे का जास्त आहे ते तरी कुणी सांगा.

चिकोडी_तात्या
ताक प्यायला द्या, हिंग जिरं घालून. सगळे पोटाचे आजार ताकानं जातात. आमच्या वेळी कुठं होते असले क्रोन्स बिन्स.

येळ्ळूरकर
तात्या, आजार होता, नाव नव्हतं इतकंच. अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्सनी वापरलं, आणि क्रोन्सवरचा मूळ पेपर १९३२ चा, न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलचा. लिहिणारे तिघं होते, क्रोनचं नाव वर्णमालेत आधी आलं म्हणून आजाराला चिकटलं. असो.

मूळ प्रश्नाकडं येतो. मी येळ्ळूरचा, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये इम्युनॉलॉजीवरच काम करतो, पण डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, औषधाचं काय ते मिरजेचे डॉक्टरच ठरवतील. तुझ्या मामांची चूक एका शब्दात आहे आणि ती सगळ्या जाहिरातींनी केलेली चूक आहे. इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची टाकी धरून चालतात लोक, कमी झाली की मोटार लावून भरायची. ती पेशींची आपसातली बोलाचाली आहे. कोण कुणाला काय सांगतंय, कधी सांगतंय, आणि गप्प कधी बसतंय, सगळा खेळ तिथं.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर, दर चार-पाच दिवसांनी नवीन होणारा. त्याच्या अलीकडं आपलं रक्त आणि पलीकडं अब्जावधी जंतू, मध्ये बुळबुळीत म्यूकसचा पडदा. एवढ्या जवळ एवढे जंतू असून निरोगी माणसाच्या पोटात भांडण होत नाही, मला तरी अजून ह्याचंच नवल वाटतं. आता कुठंतरी पडदा फाटला आणि चार जंतू आत आले, तर तिथली मॅक्रोफेज नावाची पेशी निरोप सोडते. ह्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात, त्यातला एक टीएनएफ, ज्याच्यावर तुझ्या भावाचं इंजेक्शन चालतं.

फॅमिली ग्रुप डोळ्यासमोर आण. एका काकानं फॉरवर्ड टाकला, 'सावधान, उद्यापासून...'. ज्यानं वाचला त्यानं अजून तीन ग्रुपवर टाकला. टीएनएफ असाच आहे, ज्या पेशीला मिळतो तिला अजून निरोप पाठवायला लावतो, रक्तवाहिन्या चिकट करतो म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं उतरतात, अस्तरातल्या पेशी मारतो, म्हणजे पडदा अजून फाटतो, अजून जंतू आत, अजून फॉरवर्ड. साध्या जुलाबात हे दोन-चार दिवसांत थांबतं कारण ग्रुपला अॅडमिन असतो, तो म्हणतो बास. पोटातला असा एक अॅडमिन म्हणजे आयएल-१० नावाचा निरोप. क्रोन्समध्ये पहिल्यांदा आत आलेला जंतू कधीच गेलेला असतो आणि फॉरवर्ड चालूच.

चिकोडी_तात्या
म्हणजे जास्त झालीय असं सरळ सांग की, एवढं लांबण कशाला.

येळ्ळूरकर
तात्या, नुसतं जास्त म्हटलं तर परत टाकी झाली. जरा दम काढा, त्यावर येतो, लॅबमध्ये आहे.

खानापूर_अक्का
येळ्ळूरकरांनी छान सांगितलंय. मी पेशंट आहे म्हणून थोडं लिहिते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, अकरा वर्षं झाली. शाळेत शिकवते. कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो, गुदद्वाराकडून सुरू होऊन वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून कुठंही होऊ शकतो, मध्ये चांगला भाग सोडून पुढं जखम, आणि भिंतीच्या आरपार जातो म्हणून आतडं अरुंद होणं, फिस्टुला म्हणजे आतड्याला आरपार भोक पडून भलतीच वाट होणं, हे प्रकार त्यात जास्त. आणि हो, आयबीएस म्हणजे नुसतं पोट सारखं बिघडण्याचा आजार वेगळा, त्यात जखमा नसतात. आमच्या स्टाफरूममध्ये अजून दोघी मला 'आपल्याला आयबीएस' म्हणतात, मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

मला आधी मेसालामाइन, मग स्टेरॉइड. स्टेरॉइडनं चार दिवसांत रक्त थांबलं, पण तोंड असं सुजलं की पहिलीतली मुलं म्हणाली बाई जाड झाल्या. स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यायचं औषध नाही. मग अॅझाथायोप्रिन दिलं. तिसऱ्या आठवड्यात अंघोळीला बसले तर केसांचा अक्षरशः पुंजका हातात आला, मोरीची जाळी भरली. दोन दिवसांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी १८००. सगळं बंद. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एनयूडीटी१५ नावाच्या जीनमध्ये बदल असेल तर हे औषध शरीरात साठतं, आणि हा बदल आपल्या आशियाई लोकांत युरोपियनांपेक्षा बराच जास्त सापडतो. ही गोष्ट जगाला कळलीच २०१४ मध्ये, कोरियातल्या पेशंटांवरून. तुझ्या भावाला पुढं कधी ह्या गोळ्या लिहून दिल्या तर एवढी एक टेस्ट विचारून घे, आणि सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, चुकवू नको. मला कुणी सांगितलं नव्हतं.

काढ्याबद्दल, मामांना वाईट वाटेल पण बंदच करा.

निपाणी_पावणं
अक्का, मी बिडी सोडली आणि वर्षभरात शौचातनं रक्त. २० वर्षं ओढत होतो तेव्हा काय नव्हतं. डॉक्टर म्हणतो कोलायटिस. लोक हसतात, निपाणीचा माणूस आणि तंबाखू सोडून आजारी पडला म्हणून. असं असतंय का?

येळ्ळूरकर
पावणं, हसू नका म्हणावं, खरंच असतंय. सिगारेट बिडी ओढणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी दिसतो आणि सोडल्यावर काही जणांत उफाळतो, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. क्रोन्समध्ये नेमकं उलटं, तिथं धूर आजार वाढवतो, ऑपरेशनं वाढवतो. एकच धूर, दोन आजारांत दोन परिणाम. म्हणून परत सुरू करू नका हां, कोलायटिसला औषधं आहेत, फुप्फुसाच्या कॅन्सरचं सांगता येत नाही. उद्यमबागवाल्या, भाऊ ओढत असेल तर मात्र आजच्या आज बंद कर.

आता तात्यांचं 'जास्त'. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेला पहिला जीन सापडला, नॉड२. सगळ्यांना वाटलं हा बिघडल्यावर इम्युनिटी भडकत असणार. निघालं भलतंच. नॉड२ हा पेशीच्या आतला पहारेकरी आहे, जंतूच्या भिंतीचा एक बारका तुकडा ओळखतो आणि आत बातमी देतो. क्रोन्समध्ये सापडणारे बदल त्याला आंधळा करतात. म्हणजे पहिला पहारा *कमी* पडतो, जंतू नको तितके जवळ येतात, आणि मग मागचे सगळे एकदम उठून बोंब मारतात.

चिकोडी_तात्या
मग मामा बरोबर की रे! कमीच आहे!!

येळ्ळूरकर
हाहा, अर्ध्या टक्क्यानं बरोबर. पहिल्या दारात कमी, आतल्या खोलीत जास्त, आणि थांबवणारा कमी. तीन ठिकाणी तीन वेगळे बिघाड, आणि काढा कुठल्या दाराला लावणार? शिवाय नॉड२ चे ते गाजलेले तीन बदल युरोपियन लोकांतले, भारतातल्या पेशंटांमध्ये ते क्वचितच सापडतात, तेव्हा आपल्या लोकांची वाट थोडी वेगळी असणार. २०१२ पर्यंत आयबीडीशी (क्रोन्स आणि कोलायटिस मिळून हे नाव) जोडलेल्या जीनोममधल्या १६३ जागा निघाल्या होत्या, आता दोनशेच्या वर आहेत. एकेक जागा धक्का बारीकच देते. म्हणून एकाच्या औषधानं दुसरा बरा होईल ह्याची खात्री नाही.

अॅडमिनची गोष्ट मात्र पक्की आहे. १९९३ मध्ये उंदरांतला आयएल-१० काढून टाकला तर त्यांना आतड्याचा दाह झाला. आणि मजा म्हणजे तसलेच उंदीर पूर्ण जंतूविरहित वाढवले तर काहीच होत नाही. बोंब मारायला कारणच नाही ना. २००९ मध्ये काही तान्ह्या मुलांत आयएल-१० चा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरचा निरोप घेणारा भागच, बिघडलेला सापडला, म्हणजे अॅडमिन बास बास म्हणतोय पण कुणाच्या फोनवर मेसेज उघडतच नाही. त्यातलं एक बाळ बोनमॅरो बदलून बरं झालं. हा पेपर मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी चहा गार झाला होता.

उद्यमबागचा_पोरगा
भाऊ हे मी आईला रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. फॅमिली ग्रुपचं तिला पटकन कळलं, म्हणाली म्हणजे मामा! :-) मग इंजेक्शन नेमकं काय करतंय? आणि टीबीचं?

संकेश्वर_औषधवाला
टीबीचं मी सांगतो, दुकानात रोज हा प्रश्न येतो. टीबीचा जंतू बऱ्याच लोकांत झोपून असतो, त्याच्याभोवती पेशींनी कोंडाळं करून त्याला डांबून ठेवलेलं असतं. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हे कोंडाळं टिकवायला टीएनएफ लागतो. इंजेक्शननं टीएनएफ गेला की कोंडाळं सुटतं आणि जंतू बाहेर. इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ ला आलं आणि २००१ मध्येच टीबी उफाळलेल्या पेशंटांचा पेपर आला. म्हणून आधी छातीचा एक्सरे, कातडीवरची मांटू किंवा रक्ताची इग्रा टेस्ट. एकेटी झाली असली तरी डॉक्टर परत बघणार, ते बरोबरच आहे.

आणि तुमच्या भावाला आधी एकेटी दिली म्हणून त्या दवाखान्यावर फार चिडू नका. ग्रॅन्युलोमा क्रोन्समध्ये पण दिसतो, जागा पण तीच, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं. आपल्याकडं टीबी एवढा की दोन्हीत फरक करताना भल्याभल्यांची दांडी उडते. टीबी असताना क्रोन्स समजून टीएनएफ बंद केलं तर माणूस जाऊ शकतो, उलट चूक झाली तर सहा महिने वाया जातात. म्हणून आधी एकेटी देऊन बघतात.

उद्यमबागचा_पोरगा
सहा महिने वाया म्हणजे १४ किलो गेले ओ. पण कळलं.

खानापूर_अक्का
सहा महिने थांबायचं नसतं. दोन-तीन महिन्यांत परत स्कोपी करून जखमा भरतायत का बघायला हवं होतं, टीबी असला तर तेवढ्यात फरक दिसतो. राग येणं चूक नाही बाळा.

येळ्ळूरकर
इंजेक्शनचं. अडॅलिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ह्या टीएनएफला चिकटणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे फॉरवर्ड वाटेतच डिलीट. व्हेडोलिझुमॅब वेगळं काम करतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आतड्यात उतरायला एक हूक लागतो तो झाकून टाकतं, ग्रुपमध्ये नवीन मेंबर घ्यायचे बंद. ते मुख्यतः आतड्यापुरतंच चालतं म्हणून बाकी शरीरात इन्फेक्शनची भीती कमी, पण असर चढायला वेळ लागतो. युस्टेकिनुमॅब आयएल-१२ आणि आयएल-२३ ह्या दोन निरोपांना पकडतं, रिसान्किझुमॅब फक्त २३ ला. ह्या २३ चा धागा मला फार आवडतो. २००६ मध्ये आयएल-२३ च्या रिसेप्टरमध्ये असा एक बदल सापडला की तो असणाऱ्यांना क्रोन्स *कमी* होतो. निसर्गानंच दाखवून दिलं की हा निरोप जरा मंद केला तर चालतं. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या पेशीच्या आत जाऊन जॅक नावाचे एन्झाइम अडवतात, तिथून अनेक निरोप एकदम जातात, म्हणजे टॉवरच बंद केल्यासारखं, म्हणून असर लवकर आणि काळजी पण जास्त, नागीण वगैरे.

आता माझी उपमा जिथं फाटते ते पण सांगतो, नाहीतर लबाडी होईल. एटानरसेप्ट नावाचं औषध पण टीएनएफच पकडतं, संधिवातात मस्त चालतं, क्रोन्समध्ये फेल. नुसता तरंगता टीएनएफ डिलीट करून भागत नाही, पेशीच्या अंगावर चिकटलेल्या टीएनएफला धरून त्या पेशीलाच मरायला लावणं ही पण ह्या अँटीबॉडींची कमाई असावी असं मानतात. आणि दुसरं, आयएल-१७ हा पण दाह वाढवणारा निरोप म्हणून सेक्युकिनुमॅबनं तो अडवून पाहिला, २०१२ चा पेपर, तर क्रोन्सचे पेशंट सुधारायचे सोडून बिघडले. कारण तोच आयएल-१७ अस्तराची डागडुजी पण करतो. कुठला निरोप शत्रू आणि कुठला गवंडी हे आधी माहीत असायला लागतं.

म्हणून मामांना 'इम्युनिटी दाबतोय' असं सांगूच नको. एक निरोप बंद करतोय म्हणून सांग. आणि गुळवेल: कोविडच्या वेळी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला मार बसल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं होतं, इम्युनिटीनं लिव्हरवर उलटावं तशा खुणा होत्या. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, वाद आहे. पण ज्या पोराची बोलाचाली आधीच बिघडलीय त्याच्यावर प्रयोग कशाला.

हलगेकर
हे इंजेक्शन महाराष्ट्राच्या त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या आरोग्य योजनेत बसतं का? का तिथं पण कर्नाटक आडवं येणार

संचालक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जा. इथं त्यावरचा पुढचा प्रतिसाद उडवला जाईल.

संकेश्वर_औषधवाला
खर्चाचं एवढंच सांगतो की अडॅलिमुमॅबची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, २०१४ पासून आहे आणि ती मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडते, दोन-तीन दुकानांत भाव विचारून घ्या, फरक असतो. पहिला डोस मोठा असतो, साधारण १६० मिलीग्रॅम म्हणजे ४० ची चार इंजेक्शनं, दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४०. तेव्हा पहिल्या महिन्याचं बिल बघून घाबरू नका.

आणणार कुठनं? कोल्हापूरहून आणत असाल तर बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकवू नका. दोन ते आठ डिग्री. गोठलं की फेकून द्यायचं, परत वितळवून चालत नाही.

खानापूर_अक्का
घरच्या फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवू नको, दार उघडझाप होऊन तापमान हलतं. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवते आणि डब्यावर लाल पेननं 'बाईंचं औषध' लिहिलंय, नाहीतर आमचे हे रात्री श्रीखंड समजून उघडतात.

उद्यमबागचा_पोरगा
तीन आठवड्यांनी लिहायलालोय, माफ करा. इग्रा निगेटिव्ह आली, एक्सरे साफ. कोल्हापूरहून इंजेक्शन मीच घेऊन आलो, एसटीत मांडीवर डबा, निपाणीला गाडी पंधरा मिनिटं थांबली तेवढ्यात तीनदा झाकण उघडून बघितलं, शेजारचा माणूस म्हणाला काय मासे हाईत का. मंगळवारी चार सुया एकदम, दोन पोटाला दोन मांडीला. भाऊ म्हणाला मुंगी चावल्यागत, चौथी जरा झोंबली.

सुरू करायच्या आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन करून घेतली, ११४० आली. येळ्ळूरकर, हा आकडा म्हणजे काय?

येळ्ळूरकर
फॉरवर्ड वाचून आतड्यात उतरलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रोटीन आहे ते, शौचात सापडतं. ५० च्या खाली साधारण शांतता, तुमच्याकडं मोठा दंगा आहे. औषध लागू पडतंय का ते दर वेळी स्कोपी न करता ह्यानं कळतं, म्हणून आत्ताचा ११४० जपून ठेव, तीन महिन्यांनी परत करून ताडून बघायचा. त्याच्या आधी दुखणं कमी वाटलं तरी इंजेक्शन चुकवू नका, मध्ये मध्ये बंद केलं तर शरीर ह्या अँटीबॉडीविरुद्धच अँटीबॉडी बनवायला लागतं आणि औषध चालेनासं होतं. आणि अंगदुखीला मेडिकलमधनं आयब्युप्रोफेन डायक्लोफिनॅक उचलू नका, आतड्याला त्रास देतात.

उद्यमबागचा_पोरगा
मशीनशॉपला सगळे पाठदुखीला डायक्लोच खातात ओ, त्याच्या खिशात पण पत्ता होता. काढून घेतला. काढा पण बंद झाला, आईनंच बंद केला. मामा बोलेनात पण ग्रुपवर रोज सकाळी आवळ्याचा मेसेज येतोय.

चिकोडी_तात्या
ताक?

खानापूर_अक्का
तात्या, सोसत असेल तर ताक चालेल हो. आतडं अरुंद झालंय का ते आधी स्कॅनमध्ये बघून घ्या, तसं असेल तर मक्याची कणसं, कच्च्या भाज्या, पेरूच्या बिया असला चोथा अडकतो.

गोकाक_रोड
नवीन आहे. माझ्या भाचीला १४ व्या वर्षी क्रोन्स म्हणतायत, वाढ खुंटलीय. लहान मुलांना पण हेच इंजेक्शन का?

खानापूर_अक्का
मुलांत आधी सहा ते आठ आठवडे नुसत्या द्रव आहारावर ठेवून पण आजार शांत करतात, स्टेरॉइड टाळायला, वाढीचा प्रश्न असतो म्हणून. मुलांच्या पोटविकाराचे डॉक्टर गाठा. वेगळा धागा काढा ना, तिचं वजन उंची टाका, इथं सगळं मिसळून जाईल.